पुंगळीची साक्ष

बोल्टची मूठ वर उचलून तो एका दमात मागे ओढला असता रिकामी पुंगळी चेंबरमधून निघून, बॉडीच्या डाव्या भिंतीला टेकून, उजवीकडे गिरकी घेत नेमबाजापासून काही पावलांवर जाऊन पडावी, हा सुस्थितीतील ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीचा सहजधर्म आहे. आणि ज्या रायफलीने तो सोडला, जिची पुंगळी उडण्याऐवजी नुसती घसरते, मॅगझिनच्या तोंडावर आडवी पडते किंवा शिपायाला बोटाने उचलून टाकावी लागते, तिची तक्रार शस्त्रागाराच्या दुरुस्ती-वहीत बहुधा एकाच ओळीत नोंदली जाते : ‘पुंगळी नीट फेकत नाही, दुरुस्ती व्हावी.’ लष्करातील नोकरी संपवून एका जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मरर म्हणून रुजू झाल्यानंतरच्या माझ्या सेवेचा मोठा हिस्सा या एका ओळीमागे दडलेले कारण शोधण्यात गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा दोष बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. गोळी सुटली, निशाणावर लागली, मग मागे उरलेल्या पितळेच्या नळकांड्याने दूर पडावे की जवळ, याने काय बिघडते, असा प्रश्न मला एका विद्वान गृहस्थांनी केला होता. त्याचे उत्तर चांदमारीवर उभे राहिल्यावाचून कळत नाही. पुंगळी बॉडीत राहिली की बोल्ट पुढे ढकलताना मॅगझिनमधून वर आलेले पुढचे काडतूस तिच्यावर अडकते. शिपायाची दृष्टी निशाणावरून सुटून खाली येते, रायफल आडवी होते, बोटे तापलेल्या पितळेला लागतात, आणि शेजारच्या माणसाचा बार होत असताना हा मात्र आपल्याच हत्यारात गुंतून पडतो. सरावात यामुळे गुण जातात; बंदोबस्तात काय जाईल ते सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या हत्याराचा उपयोग आयुष्यात एकदाही करावा लागू नये अशी आपली इच्छा असते, ते हत्यार त्या एका प्रसंगी दगा देणार नाही, एवढी हमी शिपायाला देणे हेच शस्त्रागारातील माणसाचे कर्तव्य आहे, अशी माझी धारणा होती आणि आहे.

या रायफलीची बोल्ट-रचना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या कल्पक कारागिराची. ब्रिटिश सैन्याने १९०७ साली शॉर्ट ली-एनफील्डचा जो तिसरा मार्क स्वीकारला, त्याच नमुन्याच्या रायफली बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडून आपल्या पोलीस दलांच्या हाती आल्या, आणि सैन्याने त्यांचा निरोप घेतल्यावरही जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोतांतून, म्हणजे शस्त्रागारांतून, अनेक दशके नांदल्या. तिच्यातील पुंगळी बाहेर टाकण्याची योजना पाहिली म्हणजे रचनाकाराच्या मितव्ययी बुद्धीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. बोल्टच्या पुढे आट्यांनी बसवलेले एक सुटे बोल्ट हेड असते. बोल्ट फिरतो तेव्हा ते फिरत नाही, त्यामुळे त्याच्या उजव्या अंगाला असलेला एक्स्ट्रॅक्टरचा आकडा सदैव उजवीकडेच राहतो. मूठ उचलताना बोल्टची तिरकस बाजू बॉडीच्या उतारावरून सरकते आणि त्या रेट्याने बोल्ट अगदी थोडा, परंतु मोठ्या जोराने मागे येऊन चेंबरला चिकटलेली पुंगळी सुटी करतो. पुढचे काम सरळ ओढीचे. या ओढीत आकड्यामागची लहानशी पट्टीची स्प्रिंग पुंगळीच्या काठाला सतत डावीकडे दाबत असते, डावी भिंत तिला टेका देते, आणि पुंगळीचे तोंड चेंबरमधून मोकळे झाले की हा साठलेला दाब तिला उजवीकडे कलवतो. डाव्या भिंतीतून आत डोकावणारा इजेक्टर स्क्रू शेवटी तिच्या काठाला आडवा येतो आणि तिला बाहेर भिरकावतो. म्हणजे फेकण्याचे श्रेय ज्या स्क्रूला नावावरून मिळते, त्याच्या आधीच निम्म्याहून अधिक काम त्या इवल्याशा स्प्रिंगने केलेले असते. झिजलेल्या स्क्रूची रायफल उत्तम पुंगळी फेकताना मी पाहिली आहे. मेलेल्या स्प्रिंगची रायफल नव्या स्क्रूने सुधारलेली मात्र पाहिली नाही.

मला हे काम शिकवणारे उस्ताद तक्रारीची रायफल समोर आली की तिला हात लावण्याआधी, ‘तिच्या पुंगळ्या आणल्यास का?’ असे विचारीत. शिपायाने नाही म्हटले तर त्याला परत पाठवीत. आरंभी मला हा हट्ट वाटे. पुढे त्यातील शहाणपण कळले. रायफल तपासताना आपण जे पाहतो ते स्थिर लोखंड असते. बार होतानाच्या निमिषार्धात चेंबरच्या आत काय घडले याची साक्ष देणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ती पुंगळी. प्रचंड दाबाखाली तिचे पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला सर्वांगाने चिकटते आणि दाब ओसरताच किंचित आवळते; या क्षणभराच्या आलिंगनात चेंबरची प्रत्येक खोड तिच्या अंगावर उमटते. चेंबर गंजाने खाल्लेले असेल तर त्या खड्ड्यांत शिरलेले पितळ पुंगळीवर बारीक उंचवट्यांच्या रूपाने दिसते; ओरखडे लांबवर ओढलेले असतील तर चेंबरात खर किंवा रेती आहे; काठ एका जागी चावल्यासारखा फाटला असेल तर पुंगळी अडकून बसत आहे आणि आकडा तिच्यावरून निसटू पाहत आहे; आणि बुंध्यापासून सुमारे अर्ध्या इंचावर चकचकीत कडे दिसले तर पुंगळी फेकण्याचा प्रश्न बाजूला ठेवून रायफल तत्काळ वापरातून काढावी, कारण ते पितळ ताणाने तुटण्याच्या बेतात असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये, ही परीक्षा सर्वांआधी. काठ स्वच्छ, अंग गुळगुळीत, आणि तरीही पुंगळी पायाशी पडते, अशी साक्ष आली की मगच आपण खऱ्या अर्थाने दुर्बळ फेकीच्या दोषाकडे वळतो.

त्यासाठी प्रथम नळी मोकळी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करावी, मॅगझिन काढावे, आणि कार्यशाळेत जिवंत काडतुसाला थारा देऊ नये. तिथे रिकामी पुंगळी आणि डमी काडतूस यांवरच सर्व प्रयोग व्हावेत. त्याच रायफलीची पुंगळी चेंबरमध्ये सारून बोल्ट आधी सावकाश आणि मग झपाट्याने ओढून पाहिला की निदानाची दिशा ठरते. सावकाश ओढताना पुंगळी आकड्यातून सुटून खाली गळत असेल तर दोष पकडीत. पकड टिकूनही ती उजवीकडे कलत नसेल तर दोष दाबात. आणि झपाट्याने ओढल्यावर उत्तम उडत असेल तर दोष कोणाच्या तरी हातात, ज्याविषयी पुढे सांगतो.

पहिला संशयित नेहमी मळ. कोकणपट्टीतील एका जिल्ह्यात आणि नंतर देशावरील एका कोरड्या जिल्ह्यात अशा दोन्ही ठिकाणी मी काम केले, आणि एकच रायफल दोन हवामानांत दोन वेगळ्या रोगांनी कशी जर्जर होते ते पाहिले. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत आणि बोल्टच्या तोंडावर उरे, तो हवेतील ओलावा शोषी, आणि समुद्रकाठच्या पावसाळ्यात एका रात्रीत लोखंडावर तांबूस पापुद्रा धरी. तेल हा क्षार धुऊन काढत नाही. त्याला उकळते पाणीच लागते, आणि पाण्यानंतर संपूर्ण कोरडेपण, मग तेल. हा क्रम ज्या कोतांत पाळला जाई तेथील रायफली पन्नास वर्षांच्या झाल्या तरी चेंबर आरशासारखे राखून होत्या. देशावर गंज कमी, पण धूळ फार. आणि तपासणीच्या दिवशी हत्यारांवर चमक दिसावी म्हणून त्यांना सढळ हाताने तेल चोपडण्याची पद्धत. ते तेल एक्स्ट्रॅक्टरच्या फटीत उतरे, त्यात धूळ, दारूची काजळी आणि पितळेचा कीस मिसळून उन्हाळ्यात त्याचा घट्ट काळा लेप होई, आणि त्या लेपात स्प्रिंग हलूच शकत नसे. अशा रायफलींची ‘दुरुस्ती’ म्हणजे बोल्ट हेड काढून, एक्स्ट्रॅक्टरचा स्क्रू सोडवून, ती फट पातळ तेलाने आणि लाकडी काडीने निर्मळ करणे, एवढीच असे. कोणताही भाग बदलावा लागत नसे. वहीत ‘साफसफाई केली’ असा शेरा लिहिताना काही सहकाऱ्यांना संकोच वाटे, जणू काही मोठे काम केल्याचे दाखवायला जागाच उरली नाही. मला त्याचा संकोच कधी वाटला नाही.

दुसरी पायरी स्प्रिंगची, आणि येथे मी थोडा अधिक थांबतो, कारण या ठिकाणी हत्यारांचे सर्वांत जास्त नुकसान सद्‌हेतूने झालेले मी पाहिले आहे. ही स्प्रिंग म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, नखाएवढी पोलादी पट्टी. ती थकते, कधी कोपऱ्यात तडकते आणि मोडूनही आपले दोन्ही तुकडे फटीत असे जुळवून बसते की वरून पाहणाऱ्याला धडधाकट वाटावी. म्हणून ती बाहेर काढल्यावाचून तिच्याविषयी मत देऊ नये. परीक्षा साधी : बोल्ट हेड हातात घेऊन डमी काडतुसाचा काठ आकड्याखाली सरकवावा, निरोगी स्प्रिंग ते काडतूस आडवे धरून ठेवते, हलकेच हालवले तरी सोडत नाही, थकलेली स्प्रिंग त्याला आपल्याच वजनाने मान टाकू देते. आता थकलेल्या स्प्रिंगवर प्रचलित इलाज असा की चिमट्याने तिचे दोन पाय फाकवायचे आणि पुन्हा बसवायची. त्या दिवशी पुंगळी झकास उडते. शिपाई प्रसन्न होतो, आर्मररची वाहवा होते. परंतु पोलाद एकदा आपल्या मर्यादेपलीकडे वाकवले की त्याची स्थितिस्थापकता क्षीण होते, आणि ती स्प्रिंग काही दिवसांत पूर्वीपेक्षाही निर्जीव होऊन बसते किंवा नेमकी वाकवल्या जागी तुटते. काहीजण तिला तापवून ‘पाणी’ देऊ पाहत. इतक्या लहान तुकड्याला उघड्या ज्योतीवर तापवून तिचे टेंपर राखणे केवळ अनुमानाचे काम आहे आणि अनुमानावर शिपायाचा भरवसा टांगू नये. नवी स्प्रिंग बसवावी. नवी नसेल तर मागणीपत्र लिहावे, आणि ती येईपर्यंत रायफल ‘नादुरुस्त’ या सदरात ठेवण्याचे धैर्य दाखवावे. मागणीपत्रे मंजूर होण्यास विलंब लागे हे खरे, आणि भांडारातील इसमांना एवढ्याशा पट्टीसाठी एवढा पत्रव्यवहार कशाला हे समजावता समजावता कंठ कोरडा पडे, हेही खरे. तरी माझ्या ताब्यातील कोतात फाकवलेली स्प्रिंग मी चालू दिली नाही.

आकड्याची धार बोथट किंवा उडालेली असेल तर नवा एक्स्ट्रॅक्टर बसवावा. बारीक कूस असेल तर ती बारीक सहाणेने उतरवता येते. पण कानस घेऊन आकड्याचा कोन ‘सुधारण्याचा’ मोह ज्याला आवरत नाही त्याने हे काम करू नये, कारण घासून टाकलेले लोखंड कोणत्याही भांडारातून परत मिळत नाही. इजेक्टर स्क्रू पाहावा, ढिला असल्यास आवळावा, टोक झिजून बसले असल्यास बदलावा. त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

काडतुसांचाही विचार केला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या .३०३ काडतुसांच्या बुंध्यावर बहुधा ‘के. एफ.’ ही अक्षरे असत. ती १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. आणि पुण्याजवळ घडलेली ती पितळी वस्तू दूरच्या तालुक्यातील चांदमारीवर हातात घेताना मला एक प्रकारचे आप्तपण वाटे. पुढे इशापूरनेच ली-एनफील्डच्या बांधणीवर ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी २ए आणि २ए१ या रायफली काढल्या आणि काही शस्त्रागारांत दोन्ही जाती शेजारी शेजारी आल्या. .३०३ च्या पुंगळीचा काठ अंगापेक्षा रुंद, सुमारे १३.७ मिलिमीटर व्यासाचा, ७.६२ च्या पुंगळीला बाहेर आलेला काठ नाही, बुंध्यात खाच आहे आणि बुंधा सुमारे १२ मिलिमीटरचा. ही तफावत लहान दिसली तरी आकड्याच्या दृष्टीने तो वेगळाच संसार आहे. सामुदायिक साफसफाईत एकाच टेबलावर बोल्ट उघडून ठेवले, आणि परत जोडताना बोल्ट हेडांची अदलाबदल झाली, तर पुंगळी न फेकण्याची तक्रार हा त्यातून उद्भवणाऱ्या अनर्थांपैकी सर्वांत सौम्य होय. म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच्या क्रमांकाबरहुकूम त्याच रायफलीत गेला पाहिजे, या नियमात मी कधी सूट दिली नाही.

आता हाताविषयी. देशावरील त्या जिल्ह्यात वार्षिक गोळीबार सरावाच्या सुमारास एक तरुण शिपाई पुन्हा पुन्हा तीच तक्रार घेऊन येऊ लागला. मी बोल्ट हेड उघडले, फट स्वच्छ केली, स्प्रिंग तपासली. ती खणखणीत होती. त्याच्या पुंगळ्या पाहिल्या. त्यांवर एकही डाग नव्हता. मी स्वतः बोल्ट ओढला तेव्हा पुंगळी खिडकीपर्यंत गेली. अखेर मी त्याला म्हणालो, ‘‘तू चांदमारीवर ओढतोस तसाच आता ओढून दाखव.’’ त्याने मूठ उचलली, बोल्ट हलक्या हाताने मागे आणला आणि आपली डावी ओंजळ नकळत बॉडीवर धरली.

‘‘हे काय रे?’’

तो संकोचून म्हणाला, ‘‘हवालदारसाहेब, पुंगळी हरवली तर हिशेब द्यावा लागतो ना!’’

या एका वाक्याने माझ्यासमोर जो प्रकाश पडला तो कोणत्याही गेजने पाडला नसता. सरावात जितकी काडतुसे दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्याव्यात, कमी भरल्यास संबंधितांकडून खुलासा मागावा, हा नियम अत्यंत योग्य आहे. दारूगोळ्याच्या जमाखर्चात ढिलाई झाली तर ती पुढे कोठवर जाईल याला सीमा नाही. परंतु उंच गवतात आणि मातीत हरवणाऱ्या पुंगळीच्या धास्तीने शिपाई ती दूर पडू नये म्हणून बोल्ट जपून ओढायला शिकला होता. आणि ज्या रायफलीत फेकण्याचा बराचसा वेग ओढणाऱ्या हाताकडूनच यायचा असतो, तिच्यात जपून ओढलेला बोल्ट म्हणजे न फेकलेली पुंगळी. बोल्टच्या तोंडातच दाबाची स्प्रिंग असलेल्या अर्वाचीन शिकारी रायफलीत हात थोडा मंद चालला तरी ती स्प्रिंग आपले काम करते. स्थिर इजेक्टरच्या जुन्या हत्याराला मात्र हाताचा निःसंकोच झपाटा लागतो. मी त्या दिवशी चौकशी केली तेव्हा त्या तुकडीतील बहुतेक नव्या शिपायांची हीच सवय निघाली, आणि ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. हिशेबाच्या भीतीने ती आपोआप अंगी बाणली होती.

मी राखीव पोलीस निरीक्षकांपुढे हे मांडले. ते शांतपणे ऐकून घेणारे अधिकारी होते. प्रत्येक फायरिंग पॉइंटच्या उजव्या बाजूला गवत कापून एक जुनी ताडपत्री पसरावी, पुंगळ्या तिच्यावर पडतील, गणतीही सोपी होईल, आणि शिपायांना बोल्ट पूर्ण जोराने, शेवटपर्यंत ओढण्याचा कोरडा सराव आधी डमी काडतुसांवर द्यावा, अशी माझी विनंती होती. त्यांनी ती तिथल्या तिथे मान्य केली. पुढच्या सरावात तो तरुण शिपाई पालथा पडून बार काढू लागला. पहिल्या दोन पुंगळ्या सवयीप्रमाणे खांद्याशी पडल्या, मग मागे उभ्या असलेल्या जमादारांनी ‘‘जोरात, पोरा, जोरात!’’ असे म्हटले, आणि तिसरी ताडपत्रीच्या मध्यावर जाऊन आपटली. त्यानंतर त्याने मागे वळून पाहिले नाही. सराव संपल्यावर ताडपत्रीची चारी टोके उचलून पुंगळ्या मोजल्या तेव्हा हिशेब पूर्ण जुळला.

त्या रायफलीचा एकही भाग मी बदलला नाही. दुरुस्ती-वहीत ‘हत्यारात दोष आढळला नाही, वापरणाऱ्यास बोल्ट ओढण्याचा सराव दिला’ असा शेरा लिहून ती तिच्या बट नंबराच्या खाचेत परत ठेवली, आणि त्या शेऱ्याखाली सही करताना निरीक्षकांनी ताडपत्र्या चांदमारीच्या कायम सामानाच्या यादीत दाखल करून घेण्याचा हुकूम दिला.